‘किती वेळ’चा रकाना

सोमवार, ६ जानेवारी

ही वही कुटुंब मदत केंद्राने दिली. आज प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस होता. केंद्राच्या बाई म्हणाल्या, “भेट झाल्यावर मनात जे राहील ते घरी जाऊन या वहीत काढा. आम्हाला दाखवू नका. फक्त कुणाचं नाव लिहायचं नाही.” बाई वयाने माझ्या लेकीपेक्षा लहान, पण आवाज असा की आपोआप बाईच म्हटलं जातं.

माझ्या मनात काय राहायचंय? तीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, चूक दिसली की तिथे लाल कागदी बाण चिकटवायचा आणि शर्ट परत पाठवायचा. मुली पाठीमागे मला ‘बाणबाई’ म्हणायच्या. मला ठाऊक होतं. निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्या फार गोड बोलल्या आणि नंतर दोन वर्षांत एकीचाही फोन आला नाही.

काम असं आहे: ज्या घरात आईबापाचा तोल जातोय, लेकरावर हात उठायला लागलाय, तिथे आठवड्यातून एकदा दोन तास जाऊन बसायचं. पोलीस म्हणून नाही, डॉक्टर म्हणून नाही, नुसतं माणूस म्हणून. घर मोडायच्या आधी टेकू द्यायचा, असं बाई म्हणतात. नियम ढीगभर. आपल्या घरचे उपाय सुचवायचे नाहीत. ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचे. आणि निघण्याआधी भेटीचा कागद भरायचा. त्यात आधी तीन चांगल्या गोष्टी, मग काळजीची गोष्ट, तिच्यापुढे ‘किती वेळ’ असा रकाना. भरलेला कागद त्या घरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याला वाटलं तर तो दुरुस्ती सांगणार, मग खाली दोघांच्या सह्या.

तीन चांगल्या गोष्टी आधी! कारखान्यात असं केलं असतं तर दिवसाला चार शर्ट झाले नसते.

गुरुवार, ९ जानेवारी

पहिली भेट. चौथा मजला, लिफ्ट नाही. एक खोली, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला लागून खिडकी नसलेली अडगळीची खोली. आई सव्वीस वर्षांची. रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते, सहा ते दोन. नवरा मालट्रकवर होता; गेल्या वर्षी गेला तो गेलाच. मुलगी साडेचार वर्षांची. एका जागी म्हणून ठरत नाही, बोलता बोलता स्वतःभोवती गिरकी घेते. मी तिला इथे भिंगरी म्हणणार.

पाळणाघराच्या शिक्षिकेला भिंगरीच्या दंडावर बोटांचे वळ दिसले होते. विचारल्यावर आईने लपवलं नाही. म्हणाली, मीच धरलं, जोरात धरलं. म्हणून केंद्राने घर दिलं माझ्याकडे. सहा मार्चला आढावा बैठक आहे. तोवर सगळं नीट चाललं तर भिंगरी आईजवळ राहील. नाही चाललं तर तिला दुसऱ्या घरी सांभाळायला ठेवतील.

आई मला चहा देऊन उभीच राहिली, वरिष्ठ आल्यासारखी. मी खोलीभर नजर फिरवली. पडद्याची खालची दुमड उसवलेली, कपाटाचं दार लागत नाही, पोरीच्या फ्रॉकचं एक बटण वेगळं. हे सगळं आपोआप दिसतं, मी काय करू. तीन चांगल्या गोष्टींसाठी मात्र पेन हातात धरून बसून राहिले. शेवटी लिहिलं: मुलगी आईच्या मांडीवर जाऊन बसते. आईने खरं सांगितलं. चहा चांगला होता.

वाचून दाखवलं तेव्हा चहावर ती हसली. पहिल्यांदाच.

रविवार, १२ जानेवारी

रंगारी आला होता. सगळ्या घराला नाही, फक्त माझ्या अडगळीच्या खोलीला. दार आतल्या बाजूने बघितलं आणि म्हणाला, “काकू, कुत्रा होता का तुमच्याकडे?” म्हटलं, छे, जन्मात नाही. तर दाराच्या खालच्या भागाकडे बोट दाखवलं. गुडघ्याच्या उंचीवर ओरखडेच ओरखडे. म्हटलं, उंदीर असतील. तो म्हणाला, “इतक्या वर?” फार बोलतो. याआधीही मी तिथे दोनदा रंग मारून घेतला आहे, पण रंगाखालून ते पुन्हा दिसायला लागतात. या वेळी खाचांत लांबी भरून घेतली.

तो गेल्यावर घर एकदम गप्प झालं. रंगाच्या वासाने का असेना, दिवसभर कुणीतरी असल्यासारखं वाटत होतं.

गुरुवार, २३ जानेवारी

मागची भेट आईच्या तापामुळे झाली नाही. आज गेले तर भिंगरी जिन्यातच उभी. “बाणआजी आली!” नाव मीच सांगितलं होतं, गंमत म्हणून. तिने मला लाल कागदाचे बाण कापायला लावले आणि घरभर चिकटवले. मी म्हटलं, बाण चुकीच्या जागी लावतात गं. तर म्हणाली, “नाही, आवडतं तिथे लावतात.” एक माझ्या नाकाला लावला. तसाच ठेवून कागद भरला.

येताना बसमध्ये एक बाई माझ्याकडे बघून हसत होती. घरी आरशात पाहिलं तेव्हा कळलं. बाण अजून नाकावरच होता. काढून वहीत ठेवला आहे.

गुरुवार, ३० जानेवारी

आज आई बोलली. भिंगरी आत चित्र काढत होती. ही हळू आवाजात म्हणाली, “काल माझा हात उठला होता. उठला आणि तसाच वर राहिला. मलाच भीती वाटली. त्या क्षणाला काय करायचं, सांगा ना.”

मी शिकवलेलं सांगितलं. बाजूला व्हायचं, पाणी प्यायचं, गॅलरीत जाऊन दहा श्वास घ्यायचे, केंद्राला फोन करायचा. ती म्हणाली, “गॅलरीत गेले की ती दार बडवते, मग मी आणखी भडकते. हे सगळं कागदावर बरं दिसतं हो. तुम्ही काय करायचात? तुम्हीही एकटीनेच वाढवलंत ना मुलीला?”

इतक्या भरवशाने विचारलं की नियम राहिला बाजूला. सांगून टाकलं. हे गेले तेव्हा लेक चार वर्षांची होती. कारखान्यात लागायच्या आधी मी घरीच कॉलरी शिवायचे, रोजच्या शंभर. पोरीने उच्छाद मांडला की तिला अडगळीच्या खोलीत पाच मिनिटं बसवायचं, बाहेरून कडी. मारायचं नाही, ओरडायचं नाही. पाच मिनिटांनी बाहेर येते ती सुतासारखी सरळ.

“लेक काही म्हणत नाही तुमची?”

“काही नाही. शिकली, मोठ्या हुद्द्यावर आहे.”

कागदावर हे लिहिलं नाही. घरचा उपाय सुचवला म्हणून बाईंनी मलाच बाण लावला असता. वाचून दाखवलं तेव्हा आईच्याही लक्षात आलं की ते त्यात नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने सही केली. मला बरं वाटलं. कित्येक वर्षांनी कुणीतरी माझा सल्ला घेतला.

रविवार, २ फेब्रुवारी

महिन्याचा पहिला रविवार म्हणजे लेकीचा फोन. अकराला येतो. मी साडेदहालाच केस विंचरून बसते, जणू ती बघणार आहे.

तब्येत, हवा, नातवाची शाळा. मग नेहमीचा प्रश्न: “मशीन अजून चालवतेस?” दर वेळी विचारते. मी म्हटलं, तेल घालून ठेवलंय, तुला हवं तर घेऊन जा. “नको, नको,” म्हणाली. भिडस्त आहे, तोंडाने मागणार नाही. तिच्यासाठीच जपून ठेवलं आहे मी ते शिवणाचं मशीन.

नातवाला सुट्टीत चार दिवस माझ्याकडे ठेव म्हटलं. “बघू, आई.” हे ‘बघू’ पाच वर्षं ऐकते आहे. शेजारणीकडे ठेवते, माझ्याकडे नाही. एकदाच गेले होते तिच्या घरी. बाथरूमच्या दाराला कडीच नाही! दिवसाढवळ्या सगळ्या खोल्यांत दिवे चालू. जावई म्हणाले, “तिला असंच लागतं.” इतकी शिकलेली बाई, पण घराला शिस्त म्हणून नाही.

फोन चार मिनिटं चालला. त्यानंतर मी दोन कप चहा केला आणि दोन्ही मीच प्यायले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

उपाय लागू पडला! आईने दारातच सांगितलं. आठवड्यात दोनदा बसवलं आणि हात एकदाही उठला नाही. चेहराही जरा निवांत वाटला. भिंगरी शहाण्यासारखी खुर्चीवर बसली होती. दोन तासांत एकही गिरकी नाही. वळण लागतंय.

कागदावर लिहिलं: मुलगी शांत झाली आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

भिंगरी हल्ली संडासचं दार लावू देत नाही. आई उभी राहील तर जाते, नाहीतर कळ दाबून बसते. वर दिवा बंद केला की भोकाड. थोडे लाड होतायत, असं मी आईला म्हटलं. बाणाचा खेळ खेळू या का विचारलं तर मान हलवली. आधीचे बाण भिंतीवर आहेत. एक मात्र अडगळीच्या खोलीच्या दारावरून कुणीतरी काढून टाकलाय.

निघताना तिने माझं बोट धरलं ते सोडेना. आई म्हणाली, “तुम्ही आलात की तिला बरं वाटतं.” जिना उतरताना मी उगाच गाणं गुणगुणत होते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

अक्षर वाईट येतंय.

दुपारी बाईंचा फोन आला. काल तीनच्या सुमाराला आईने भिंगरीला त्या खोलीत बसवलं. पहाटेपासून इस्त्रीवर उभी होती. पाच मिनिटं म्हणून पलंगावर टेकली आणि तिचा डोळा लागला. चाळीस मिनिटं. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईने दार वाजवून वाजवून उठवलं. भिंगरीच्या दोन नखांतून रक्त येत होतं, आवाज बसला होता. पोरीला आठवडाभरासाठी दुसऱ्या घरी नेलं आहे. बैठक आता मार्चमध्ये नाही, येत्या मंगळवारी.

बाई म्हणाल्या, “आई म्हणते, ही कल्पना तिचीच. तुमच्यासमोर कधी काही बोलली होती?”

मी म्हटलं, “नाही.”

एवढा एकच शब्द. तोंडातून निघाला आणि बाईंनी फोन ठेवला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मी पाच मिनिटं सांगितली होती. चाळीस नाही. नमुना बरोबर द्यायचा आणि शिवणारीने वाट लावायची, हे तीस वर्षं पाहिलंय. त्यात तपासणाऱ्याचा काय दोष?

सकाळपासून हेच घोकते आहे. दोन वेळा चहा उतू गेला.

आणि तिने माझं नाव का नाही घेतलं?

गुरुवार, २० फेब्रुवारी

भेटीचा दिवस. जाऊ नका असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून गेले. दार उघडं होतं. आई जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, पोरीचे धुतलेले फ्रॉक समोर, इस्त्री करून, घडी घालून. सगळे. आता आणखी कशाला करायची इस्त्री, म्हणून नुसती बसली होती.

विचारलं, माझं नाव का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्हाला काढलं असतं. भिंगरी परत आली तर तिच्याकडे गुरुवारी कोण येणार? आणि माझ्याकडे तरी दुसरं कोण येतं?”

उठून त्या खोलीशी गेले. कडी तपासली. हाताला काहीतरी काम हवं होतं. कडी अडकते का, आतला अंधार किती, बघू तरी, म्हणून मी आत गेले आणि तिला म्हटलं, बाहेरून लाव, पाच मिनिटांनी उघड. ती नको म्हणत होती. मी हट्टच धरला.

आत झाडू, बादली, जुनी गादी. दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ, तीही जमिनीलगत. त्या रेघेशी जावं म्हणून मी खाली बसले. दार चाचपत हात गेला तर गुडघ्याच्या उंचीवर लाकूड खरबरीत लागलं. बोटं फिरवली. ओरखडे होते. ताजे, कुसं निघालेले.

माझ्या दारावर कुत्रा नव्हता. उंदीरही नव्हते.

मी दार वाजवलं. मग बडवलं. “उघड, उघड,” असं कोण ओरडतंय ते मलाच आधी कळलं नाही. उघडलं तेव्हा तिच्या हातात फोनचं घड्याळ चालू होतं. मी विचारलं, पाच झाली का? ती म्हणाली, “दीड. नीट दीडही नाही.”

तिने मला पाणी दिलं. तिच्या खांद्यावर डोकं टेकून मी किती वेळ रडले, कुणास ठाऊक. ती पाठीवरून हात फिरवत होती. तिचं लेकरू माझ्यामुळे गेलं आणि ती माझीच पाठ थोपटत होती.

सोमवार, २४ फेब्रुवारी

उद्या बैठक. सांगितलं तर काम जाणार. गुरुवार जाणार. मग आठवड्यात उरतं काय? महिन्यातून चार मिनिटं. नाही सांगितलं तर सगळं त्या पोरीच्या आईवर, एकटीवर. इतकी भित्री मी कधी नव्हते. नाकावर माशी बसू न देणारी बाणबाई आज अंथरुणातच पडून राहिली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

केंद्रातली लांब टेबलाची खोली. बाई, पाळणाघराची शिक्षिका, बालसंरक्षणाच्या अधिकारी, आई, मी. अधिकारीबाईंनी फाइल उघडून विचारलं, “मुलीला कोंडायची कल्पना आईची?” आई हो म्हणायला तोंड उघडत होती.

मी म्हटलं, “माझी. तीस जानेवारीला मी सांगितलं. कागदावर मुद्दाम लिहिलं नाही. सहा फेब्रुवारीला पोर गप्प बसलेली दिसली, तेही चांगल्या गोष्टींत लिहिलं. बाईंनी फोनवर विचारलं तेव्हा खोटं बोलले. हिने मदत मागितली होती. तिला जी मदत मिळाली ती माझी होती.”

शिक्षिकेने पेन खाली ठेवलं. मग आईच उसळली, आणि माझ्यावर. “मी विचारलं होतं तुम्हाला! तुमची मुलगी काही म्हणत नाही का, असं विचारलं होतं! तुम्ही म्हणालात काही नाही. मला वाटलं, इतक्या मोठ्या बाई सांगतायत, तर चालत असेल!”

बरोबर बोलली. एक शब्दही खोडण्यासारखा नव्हता.

मला बाहेर बसायला सांगितलं. तासाभराने बाई आल्या. भिंगरी शुक्रवारी घरी येईल. त्या खोलीचं दार काढून टाकायचं. धुलाईघरातून आल्यावर आईला झोपता यावं म्हणून पाळणाघर संध्याकाळी पाचपर्यंत ठेवणार. दुसरी भेट देणारी बाई जाईल, आठवड्यातून दोनदा. “तुम्हाला मात्र यापुढे कुठल्याच घरी पाठवता येणार नाही,” बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून: “आज बोललात म्हणून मूल घरी जातंय. आईला शिक्षा नको, झोप हवी, हे त्याशिवाय कुणाला कळलं नसतं.”

मी ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं.

शनिवार, १ मार्च

काल भिंगरी घरी आली असेल. मला कळवायला कुणी बांधील नाही.

रविवार, २ मार्च

अकराला फोन. हवा, तब्येत, शाळा. “मशीन अजून चालवतेस?” मी नाही म्हटलं. बोलायचं ठरवून बसले होते, पण तिचा आवाज ऐकला आणि नातवाच्या शाळेचंच विचारत राहिले. चार मिनिटं झाली. ठेवते गं, म्हणाली. ठेव, म्हटलं.

शुक्रवार, ७ मार्च

बाईंनी बोलावलं. लोकांनी दिलेले मुलांचे जुने कपडे तळघरात पडलेत, ते बघून लावून द्याल का? तिथे कुणी येत-जात नाही. मी हो म्हटलं. आज साठ कपडे पाहिले. बाण लावले नाहीत. सुईदोरा नेला होता, जे उसवलं होतं ते तिथेच शिवलं.

वर जिन्यावर भिंगरीचा आवाज ऐकल्यासारखा वाटला. गेले नाही. माझी वाट ती नव्हे आता. पण बराच वेळ हातातला सदरा तसाच धरून कान देऊन बसले.

गुरुवार, १३ मार्च

गुरुवार आणि कुठे जायचं नाही. तळघराच्या कपाटात भेटीच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. एक आणला.

वर तारीख लिहिली, तेहतीस वर्षांपूर्वीची. घर: माझं. आई: विधवा, वय एकोणतीस, घरी शिवणकाम. मुलगी: चार वर्षं.

तीन चांगल्या गोष्टी. एक: मुलीचे कपडे नेहमी स्वच्छ असत. दोन: ती कधी उपाशी राहिली नाही. तिसरी सुचेना. तासभर बसले. तशीच सोडली.

काळजीची गोष्ट: आई मुलीला अंधाऱ्या खोलीत कोंडते. मुलगी आतून दार ओरबाडते. आई त्यावर रंग लावते.

किती वेळ: पाच मिनिटं.

रविवार, १६ मार्च

आज पहिला रविवार नव्हता. फोन मीच केला. लेक घाबरली. “काय झालं? पडलीस का?” म्हटलं, नाही. तुला एक कागद वाचून दाखवायचाय. केंद्राचा नियम आहे, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला वाचून दाखवल्याशिवाय उठायचं नाही. काही चुकलं असेल तर तू सांगायचं.

“आई, कसला कागद?”

मी वाचायला लागले. तारीख वाचली तिथेच तिचा श्वास बदलला. पहिली चांगली गोष्ट, दुसरी. तिसरी रिकामी आहे, असंही वाचलं. काळजीची गोष्टही न थांबता वाचली. शेवटी वाचलं, “किती वेळ: पाच मिनिटं.”

वाटलं, ठेवला फोन. मग नातवाचा आवाज आला, आई तू का रडतेस, आणि तिने त्याला सांगितलं, “जा राजा, बाबांकडे जा. मी येते.”

मग म्हणाली, “पाच नाही, आई.”

“किती लिहू?”

“मला घड्याळ कुठे कळत होतं तेव्हा? मी ऐकायचे. मशीनचा आवाज थांबला की तू दार उघडायचीस. मध्ये दोरा तुटला की तो थांबायचा. मला वाटायचं, आली. मग पुन्हा सुरू व्हायचा.”

रोजच्या शंभर कॉलरी. मशीनवर बसलं की मला कशाचं भान राहत नसे.

पाच मिनिटांवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं. ती म्हणाली, “काय लिहिलंस, वाच.”

मी वाचलं, “किती वेळ: मशीन थांबेपर्यंत.”

“हो,” ती म्हणाली. “आता बरोबर आहे.”

चार मिनिटं कधीच होऊन गेली होती, पण फोन कुणी ठेवला नाही. खाली दोन सह्यांची जागा आहे. मी माझी केली.